निगेटिव्ह कुणाकडे राहील?

लातूरच्या आपांचा फोन आला. थोरल्या लेकीच्या निकाहची तारीख ठरली होती, ऐन मे महिन्यातली. पाहुणे, मंडप, बिर्याणीच्या देगी, सगळं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "एकच काळजी आहे रे. फोटोंचं काय करायचं?"

काळजी खरी होती. मागच्या वर्षी नात्यातल्याच एका लग्नात बायकांच्या बाजूला कुणा मुलीने मोबाईलवर फोटो काढले. तिने ते मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकले, तिथून ते दुसऱ्या ग्रुपवर गेले, तिथून तिसऱ्या. वलीम्याच्या संध्याकाळपर्यंत नवरीचा फोटो अशा मुलांच्या मोबाईलवर पोहोचला होता, ज्यांना त्या घराचा पत्ताही ठाऊक नव्हता. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. पण गेलेला फोटो परत आणायचा कुठून? आपांना तेच पुन्हा नको होतं. आणि फोटोच नकोत, असंही त्यांच्याने म्हणवत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या निकाहचे बारा फोटो आजही कपाटात जपून ठेवलेले आहेत.

आमची लेक शेजारीच बसून ऐकत होती. नांदेडलाच कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "अब्बा, मी रोलवर काढते."

आम्ही हसलो. रोल म्हणजे आता संग्रहालयातली वस्तू, अशीच आमची समजूत. वजिराबादेत ज्या दुकानात आमच्या लग्नाचे रोल धुतले गेले, तिथे आज मोबाईलची कव्हरं विकायला असतात.

पण लेकीने आमची शिकवणी घेतली. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, हे आम्ही पेपरात वाचलं होतं. त्यांची १९३५ पासूनची नावाजलेली कोडाक्रोम २००९ मध्ये बंद झाली, तेही ठाऊक होतं. त्यापुढचं मात्र आम्हाला ठाऊक नव्हतं. २०१२ मध्येच बंद केलेली एक्टाक्रोम कोडॅकने २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणली. जपानच्या फुजीने ॲक्रॉस ही कृष्णधवल फिल्म २०१८ मध्ये बंद केली आणि दुसऱ्याच वर्षी नव्या रूपात परत आणली. १९५४ पासूनची ट्राय-एक्स आजही मिळते. इंग्लंडात इलफर्डची एचपी-५ प्लस निघते, चेक देशात फोमाची फिल्म निघते. २०२३ च्या 'ओपनहायमर' चित्रपटासाठी तर कोडॅकने ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म मुद्दाम तयार करून दिली. नावं मोजकी उरली आहेत, पण माल ताजा आहे आणि नांदेडला घरपोच येतो. अडचण किमतीची. आमच्या लग्नात शंभराच्या आतबाहेर मिळणारा छत्तीस फोटोंचा रोल आता हजाराच्या घरात गेला आहे.

कॅमेऱ्यासाठी आम्ही लातूरला चाचांकडे गेलो. चाचा नात्याचे नव्हेत, पण गंजगोलाईच्या परिसरात ज्यांनी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला त्यांना सगळं गाव चाचाच म्हणतं. स्टुडिओ आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर चालतो, तो मुलगा पाहतो. चाचांनी कपाटातून एक जुनी यशिका काढून लेकीच्या हातात ठेवली आणि तिने पिशवीतून आणलेले रोल चष्मा वर सारून एकेक निरखले.

आम्ही विचारलं, "चाचा, तुमच्या वेळेला किती तऱ्हेचे रोल मिळायचे! आता एवढेच उरले. वाईट वाटत असेल ना?"

चाचा म्हणाले, "बेटा, नावं पुष्कळ होती, पण लातूरच्या दुकानात जो आलेला असेल तो घ्यायचा. इंदू आला तर इंदू, ऑर्वो आला तर ऑर्वो. आवडनिवड विचारतो कोण?" ऑर्वो पूर्व जर्मनीचा. इंदू आपल्या देशाचा. उटीला सरकारने १९६० मध्ये हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली आणि १९६७ पासून तिथे उत्पादन सुरू झालं. चंद्राचं नाव दिलेली ती फिल्म आणि तो कारखाना, दोन्ही आता बंद आहेत. पुढे रंगीत फोटोंच्या काळात कोनिका आली, तीही कंपनी २००६ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली. चाचांनी लेकीकडे बोट केलं. "हिच्याजवळ आज जेवढी निवड आहे तेवढी माझ्याजवळ कधी नव्हती. मला मिळाली असती ना ही एचपी-५, तर निम्म्या लग्नांत फ्लॅश लावला नसता."

मग त्यांनी नेमकं दुखणं सांगितलं. "रोलची कमी नाही. धुणाऱ्याची कमी आहे."

ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं. रंगीत रोल धुण्याची यंत्रं नांदेड-लातुरातून केव्हाच भंगारात गेली. आता रंगीत रोल काढला की कुरिअरने मुंबईला पाठवायचा. म्हणजे आपांच्या घरच्या बायकांचे फोटो अनोळखी माणसाच्या हाती जाणार, संगणकावर चढणार आणि मगच घरी येणार. मग रोलचा खटाटोप कशासाठी? कृष्णधवल रोलचं तसं नाही. एक डबा, दोन रसायनं आणि अंधार असला की तो घरच्या न्हाणीत धुता येतो.

आता प्रश्न आपांचा. नवरीचा जोडा लाल, आणि फोटो काळापांढरा? त्या दोन दिवस घुम्या होत्या. शेवटी तोड निघाली. अंगणात सकाळच्या उन्हात घरातल्या मोठ्यांचा आणि पुरुषांचा गट फोटो कोडॅक गोल्डवर रंगीत काढायचा. आत बायकांच्या खोलीत एचपी-५ चे दोन रोल, आणि ते घराबाहेर जायचे नाहीत.

निकाहच्या दिवशी आम्ही बाहेरच्या मंडपात होतो. आतलं लेकीने सांगितलं तेवढंच आम्हाला ठाऊक. खोलीत एक खिडकी आणि एक ट्यूबलाईट. चारशेचा रोल तिने आठशेचा धरून वापरला, म्हणजे उजेड निम्मा असला तरी भागतं, फक्त धुताना वेळ वाढवावा लागतो. फ्लॅश एकदाही उडाला नाही. बहात्तर फोटोंचा हिशेब ठेवायचा म्हटल्यावर ती उगाच कॅमेरा रोखत नव्हती. थोड्या वेळाने बायका तिला विसरल्या आणि आपापल्या गप्पांत रमल्या.

खरी परीक्षा दुसऱ्या रात्री. शाळेत आम्ही मुलांना हजार वर्षांपूर्वीच्या इब्न अल-हैसमच्या अंधाऱ्या खोलीविषयी सांगतो. त्या रात्री आपांची न्हाणी तशी झाली. दाराच्या फटीत गोधडी कोंबली. कृष्णधवल रोल साधारण वीस अंशांच्या पाण्यात धुवायचा आणि मे महिन्यात टाकीचं पाणी अंगाला चटका देणारं. पाणी फार गरम असलं तर फोटो भराभर काळवंडतो आणि फिल्मवरचा थर मऊ पडतो. मग परातीत बर्फ ठेवून बाटल्या त्यात उभ्या केल्या, तरी पाणी चोवीसच्या खाली येईना, तेव्हा तक्त्यात पाहून वेळ कमी केला. गंमत अशी की रंगीत रोलला अडतीस अंशांचं पाणी लागतं. तो आमच्या मराठवाड्यासाठीच बनवलेला असावा!

लातूर म्हटलं की पाण्याची गोष्ट टळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे शहर. जुन्या पद्धतीत रोल अर्धा तास वाहत्या नळाखाली धरत. ते आपांनी चालू दिलं नसतं. लेकीला इलफर्डचीच एक रीत ठाऊक होती: डबा भरून पाच वेळा उलटासुलटा करायचा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तीन डबे पाण्यात एक रोल स्वच्छ. मोजलं तर लिटरभरही लागलं नाही. तेही आपांनी फेकू दिलं नाही, पोछ्याला वापरलं.

पहिला रोल निर्मळ निघाला. दुसऱ्यात घात झाला. अंधारात चकरीवर गुंडाळताना फिल्मचे दोन वेढे एकमेकांना चिकटले, तिथे औषध पोहोचलंच नाही. सात फोटोंवर दुधाळ पट्टे. नेमके रुखसतीच्या वेळचे. लेक न्हाणीतून बाहेर आली ती रडतच. आपा बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "मला आठवतं ना ते." पण त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते आम्हाला दिसत होतं. मोबाईलवर हे झालं नसतं, हेही खरं आहे. कुणी रोलची वाट धरणार असेल तर त्याने हे आधी जाणून घ्यावं.

चाचांचा एनलार्जर मागून आणून लेकीने पासष्टांतल्या चोवीस कॉपी काढल्या. आम्ही त्या पाहिलेल्या नाहीत. भाचीचा तेवढा एक फोटो आपांनी बोटांनी बाकीचं झाकून दाखवला. लाल जोडा करडा दिसत होता आणि हातावरची मेहंदी रेघ न् रेघ. कागदावरच्या फोटोचाही मोबाईलने फोटो काढता येतो, हे आम्हाला कळतं. पण त्यासाठी हात पुढे करावा लागतो, आणि समोर आपा बसलेल्या असतात.

उरल्या निगेटिव्ह. आमच्या लहानपणी घराघरांतून स्टुडिओवाल्याला पहिली ताकीद असे, "कॉपी नंतर, निगेटिव्ह आधी द्या." निगेटिव्ह घरात म्हणजे अब्रू घरात. आम्ही कॅमेरा परत करायला गेलो तेव्हा चाचांना हे सांगितलं. ते जरा गप्प झाले.

"लोक मागत होते, मी देत होतो," ते म्हणाले. "मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला." पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. जवळपास दहा हजार माणसं गेली. घरं गेली, घरांबरोबर ट्रंका आणि अल्बम गेले. काही आठवड्यांनी औसा तालुक्यातली माणसं चाचांच्या दुकानात यायला लागली. कुणाला मुलाचा फोटो हवा होता, कुणाला बायकोचा. नंबर कुणाजवळ नव्हता, नुसतं लग्नाचं साल सांगत. चाचा रात्र रात्र बसून डबे चाळत होते. काहींना मिळाला. "आणि ज्यांनी निगेटिव्ह घरी नेली होती, त्यांना मी काय देणार?"

कॅमेरा त्यांनी परत घेतला नाही. "हिच्याकडेच राहू दे," म्हणाले. निघताना सल्ला दिला, "निगेटिव्ह आणि फोटो एका छताखाली ठेवू नका."

म्हणून आता भाचीचा अल्बम तिच्या सासरी परभणीला आहे आणि निगेटिव्ह लातूरला आपांच्या कपाटात. किल्ली आपांच्या कमरेला.

वाचकहो, तुमच्याही ट्रंकेत अशा पट्ट्या असतील. त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असतील तर आज काढा. कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात एकेक पट्टी घाला, कडेने धरा, पाकिटावर नाव आणि साल लिहा आणि पाकिटं कोरड्या, थंड जागी ठेवा. साल लिहायचं ते घरातली मोठी माणसं आहेत तोवरच विचारून घ्या. आणि तुमच्या गावातला जुना स्टुडिओ अजून उघडा असेल तर एकदा जाऊन या. निगेटिव्हमधल्या चांदीसाठी भंगारवाले डबेच्या डबे घेऊन जातात. चाचांकडे दोनदा येऊन गेले. चाचांनी दिले नाहीत, पण आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे.