चहा कोणाच्या हातचा?

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहाला बोलावतात आणि विरोधक त्या चहावर बहिष्कार घालतात. अधिवेशन मुंबईत असेल तर सह्याद्री अतिथिगृहावर, हिवाळ्यात नागपुरात असेल तर रामगिरीवर. कालपर्यंत बहिष्कार घालणारे सत्तेत आले की यजमान होतात आणि कालचे यजमान पत्रकार परिषद घेऊन सांगतात, या सरकारचा चहा आम्हाला नको. बातमीदारांनी ही बातमी आदल्या वर्षीची उघडून तारीख तेवढी बदलली तरी चालावं.

या प्रथेची आपण चेष्टा करतो. मला मात्र वाटतं, आपल्या पुढाऱ्यांना माणसांमाणसांतल्या व्यवहाराचं एक मर्म बरोबर कळलेलं आहे. चहा घेतला की माणूस पाहुणा होतो. आज ज्याच्या घरी बशीत बिस्किट घेतलं, त्याला उद्या सभागृहात फैलावर घ्यायचं म्हणजे जीभ थोडी तरी अडखळणार. म्हणून भांडायचं असेल तर आधी कप परत करायचा. चहा देणाऱ्याचं यात काहीच जात नाही. उलट तो दिलदार ठरतो. जे काही पणाला लागतं, ते घेणाऱ्याचं.

मॅकिम मॅरियट नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात राहून हीच गोष्ट फार चिकाटीने तपासली होती. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने गावातल्या जातींचा एक तक्ताच मांडला: कोण कोणाला अन्न देतं आणि कोण कोणाच्या हातचं खातं. तक्ता पुरा झाल्यावर गावाची उतरंड आपोआप दिसू लागली. ज्यांच्या हातचं बहुतेक सगळे खातात, पण जे स्वतः फारच थोड्यांच्या हातचं खातात, ते वर. ज्यांना सगळ्यांकडून घ्यावं लागतं आणि ज्यांच्याकडून कोणीच घेत नाही, ते तळाला. मान कोण किती देतो यावर ठरत नव्हता. तो ठरत होता कोण कोणाकडून घेतो यावर.

चहा आपल्याकडे आला तो तसा उशिरा. त्याला स्मृतिपुराणांत जागा नव्हती आणि सोवळ्याओवळ्याच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. असल्या नवख्या पेयाने तरी जुन्या पंगती मोडायला हरकत नव्हती. झालं उलटंच. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पती, यांच्या खटपटीने गावातली प्रतिष्ठित मंडळी तिथे जमली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप हातात धरला. मग गोपाळरावांनी उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. नावांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि त्यांच्याच सुधारक अनुयायांना त्याचा धक्का बसला.

या ग्रामण्यात एक गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नाही. या मंडळींनी मिशनऱ्यांना आपल्या वाड्यावर बोलावून चहा पाजला असता, तर गदारोळ झाला असता का? मला वाटतं, कपबशा वेगळ्या ठेवून प्रश्न मिटला असता. गोऱ्या साहेबाला पानसुपारी, हारतुरे देणं सुरूच होतं. हरकत होती ती त्यांच्या हातचं घेण्याला. मिशनरी राज्यकर्त्यांच्या वर्णाचे होते, शिकलेले होते, त्यांच्या शाळेत मुलं पाठवायला लोक तयार होते. तरी कप हातात घेताना हे सगळं मोठेपण गळून पडलं आणि उरली ती फक्त जात.

पुढे रेल्वे स्टेशनांवर हिंदू चहा आणि मुसलमान चहा अशा वेगळ्या आरोळ्या उठू लागल्या. गाडी एक, डबा एक, धूर एक आणि किटल्या दोन. ज्यांना यातल्या एकाही किटलीजवळ उभं राहू देत नव्हते, त्यांच्यासाठी तर आरोळीच नव्हती.

या सगळ्या इतिहासात चहाचं गणित ज्याला पुरतं उमगलं असा एक माणूस मला दिसतो, तो म्हणजे कोल्हापूरचे शाहू महाराज. त्यांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे दलित सेवक होते. सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मारहाण झाली. गाऱ्हाणं महाराजांपर्यंत गेलं. पुढे महाराजांच्या मदतीने गंगारामांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं. नाव ठेवलं ‘सत्यसुधारक’. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी हॉटेलासमोर थांबवू लागले. भर रस्त्यात गंगारामला हाक मारायची, चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि गाडीत बसलेल्या सवर्ण मंडळींनाही पाजायचा. राजाने पेला ओठाला लावल्यावर मानकऱ्यांनी नाही कसं म्हणावं?

विचार करा, महाराजांना दुसरं काहीतरी करणं किती सोपं होतं. गंगारामला राजवाड्यावर बोलावून चांदीच्या कपात चहा देता आला असता. दरबारी मंडळींनी त्यांच्या औदार्याचे गोडवे गायले असते. गंगारामने आयुष्यभर ती आठवण सांगितली असती. आणि कोल्हापुरात काही म्हणजे काही बदललं नसतं, कारण वरच्याने खालच्याला देणं हा तर उतरंडीचाच नेम. दात्याचा हात वर, घेणाऱ्याचा खाली, हे चित्र तसंच राहिलं असतं. महाराजांनी हाताची दिशा फिरवली. राजा घेणारा झाला आणि पागेतला नोकर देणारा. शिवाय त्यांनी चहा फुकट घेऊन उपकार मानले असंही नव्हे. ते गिऱ्हाईक म्हणून आले. गिऱ्हाईक आणि मालक या नात्यात दोघांनाही मान असतो.

राज्यघटना लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. पंधराव्या अनुच्छेदात समतेच्या गोष्टी करताना त्यांनी दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव अशी रोजच्या वापरातली ठिकाणं नाव घेऊन लिहिली. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी काय सोसावं लागलं, हे त्यांच्यासमोर होतं. कायद्याने हॉटेलाचं दार उघडलं. घराच्या ओट्यापर्यंत मात्र कायदा पोचत नाही.

तर आता ओट्याकडे येऊ. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत खिडकीच्या कट्ट्यावर किंवा सिंकखालच्या कप्प्यात एक कप एकटाच राहतो. कधी कान तुटलेला, कधी जोडीतला दुसरा फुटल्यामुळे उरलेला, कधी स्टीलचा पेला. तो कोणाचा हे घरात कोणी बोलून दाखवत नाही. पण पाहुण्यांच्या मुलाने पाणी प्यायला तोच उचलला की आतून आवाज येतो, ‘अरे, त्यात नको, दुसरा घे.’ सात-आठ वर्षांचं पोरही एवढ्या वाक्यात सगळा धडा शिकतं.

विचारलं तर उत्तर मिळतं स्वच्छतेचं. हे उत्तर मला नेहमी गमतीचं वाटतं, कारण घरातले सगळे कप घासतात त्या मावशीच. आमचे कप त्यांच्या हातून स्वच्छ होतात आणि त्यांच्या ओठांनी अस्वच्छ होतात, असं हे शास्त्र. पोळ्यांना येणाऱ्या काकूंनी कणीक मळलेली चालते. भांड्यांना येणाऱ्या मावशींनी माठाला हात लावलेला चालत नाही. २०१७ साली पुण्यात एका उच्चशिक्षित शास्त्रज्ञ बाईंनी, स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईंनी जात लपवून सोवळ्याचा स्वयंपाक केला म्हणून थेट पोलिसांत तक्रार दिली होती. गाजावाजा झाला, तक्रार पुढे मागे घेतली गेली. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. मला मात्र वाटलं, त्या बाईंनी जे चौकीत जाऊन लिहून दिलं, तेच कितीतरी घरांनी कपाच्या जागेवरून कधीच जाहीर केलेलं आहे.

आता कागदी कपाने ही पंचाईत फार सभ्यपणे सोडवली आहे. करोनात तो घरात शिरला आणि राहिला. प्लंबर, कुरिअरवाला, पाण्याची टाकी धुवायला आलेली माणसं यांना कागदी कप. सोफ्यावर बसलेल्यांना चिनी मातीचा. कोणाचा कप कोणी विसळायचा हा प्रश्नच उरला नाही, त्यामुळे भेदभावाचा आळही येत नाही. वापरला, चुरगाळला, टाकला. जुना कान तुटलेला कप निदान त्या माणसाच्या नावाने घरात राहत तरी होता.

कचेरीत याचा थाट वेगळा. साहेबांना बशीसकट कप, बाकीच्यांना ग्लास, उभं राहून बोलणाऱ्याला काहीच नाही. बैठकीला चहा आला आणि तो ओतायचा राहिला, तर टेबलाभोवतीच्या नजरा नकळत एका दिशेला वळतात. तिथे बसलेली बाई हुद्द्याने कोणीही असो. ‘मॅडम, जरा चहाचं बघता का?’ असं म्हणणाऱ्याला आपण तिचा हुद्दा काढून घेतला आणि घरातली भूमिका हातात दिली, हे जाणवतही नाही. उलटा प्रसंगही असतो. शिपायाच्या मुलीला बारावीला चांगले गुण मिळतात. तो पेढ्यांचा पुडा घेऊन टेबलाटेबलाशी जातो. कारकून पेढा तोंडात टाकतात. वरच्या खुर्च्यांवर मात्र अचानक सगळ्यांना साखर झालेली असते. कोणी कण तोडून घेतो, कोणी ‘ठेव, नंतर खातो’ म्हणतो. संध्याकाळी केबिन आवरायला येणारा शिपाईच तो पेढा उचलतो.

नकार नेहमी उद्धटच असतो असं नाही. तपासणीला गेलेला अधिकारी कारखान्यातला चहा घेत नाही, तेव्हा तो आपल्या खुर्चीची इभ्रत राखतो. घेतला की बांधला जाईन हे त्याला कळतं. पण मग त्याने मालकाचा चहा नाकारला तसा मालकाच्या मेव्हण्याचा जेवणाचा बेतही नाकारायला हवा. नकार सगळ्यांना सारखा असेल तर ते तत्त्व. खालच्यांनाच असेल तर ती घमेंड.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नातीच्या बारशाला मी गेले होते. पाळणा झाला, नाव ठेवलं. बायकांमधून स्टीलच्या पेल्यांतून चहा फिरत होता. मी खुर्चीवर, कारण ती एकच खुर्ची आणि ती माझ्यासाठीच पुसून ठेवलेली. माझ्यापर्यंत चहाचा ट्रे आला आणि बाजूने निघून गेला. मावशींनी एका पोराच्या हातात नोट कोंबली आणि मला म्हणाल्या, ‘ताई, थांबा, तुमच्यासाठी थंडा आणायला पाठवते.’ मी म्हटलं, चहा आहे ना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘आमच्यात घ्याल?’

ही थंड्याची बाटली मग मला ठिकठिकाणी दिसू लागली. वस्तीत गेलेल्या डॉक्टरीणबाईंपुढे, पाड्यावर गेलेल्या अधिकाऱ्यापुढे, घरी आलेल्या मुलांच्या शिक्षकांपुढे. बाटलीला सील असतं. तिला घरातलं पाणी लागलेलं नसतं, घरातलं भांडं लागलेलं नसतं. पाहुण्याला नाही म्हणायची वेळ येऊ नये आणि आपल्याला तो नकार ऐकायची वेळ येऊ नये, अशी दोन्हीकडची अब्रू त्या झाकणाखाली राखलेली असते. त्या बाटलीच्या किमतीत सगळ्या बारशाला चहा झाला असता. आपण कधी तोंडाने न मागितलेला कर ही माणसं किती पिढ्या गुपचूप भरत आली आहेत!

म्हणून ‘आम्ही घरात भेद मानत नाही, मावशींना आमच्याबरोबर चहा देतो’ असं कोणी सांगितलं की मला अर्धीच गोष्ट ऐकल्यासारखं वाटतं. चांगलंच आहे ते. तोच चहा, तोच कप आणि तीच खुर्ची असेल तर फारच चांगलं. पण देणाऱ्याच्या जागी आपणच आहोत. मॅरियटच्या तक्त्यात यामुळे आपलं घर एक रकानाही खाली सरकत नाही. आपण आजवर कोणाकोणाच्या घरी घोटभर चहा घेतला, त्यांची नावं मनात मोजून पाहावीत. आडनावं साधारण सारखीच निघतील, पगारही सारखेच निघतील आणि वस्त्याही.

यात एक अडचण खरी आहे. शाहू महाराज राजे होते. त्यांना गाडी कुठेही थांबवता येत होती. आपण उद्या उठून कोणाच्या दारात जाऊन ‘मला चहा द्या’ म्हटलं, तर तीही एक मिजासच होईल. त्यांच्या घरची साखर संपलेली असेल किंवा माणसं दमून झोपलेली असतील. घेणारा व्हायचं तर समोरच्याला आपल्याला बोलवावंसं वाटलं पाहिजे आणि ते बळजबरीने होत नाही. आपल्या हातात उरतं ते एवढंच: बोलावणं आलं तर ‘बघू’, ‘वेळ मिळाला तर’ असली उत्तरं द्यायची नाहीत. जायचं. गेल्यावर थंड्यासाठी निघालेल्या पोराला दारातच थांबवायचं. आणि चहा फार गोड झाला तरी पुरा प्यायचा.