बोर्ड तस्साच जोडू नका!

२००१च्या गेमबॉय ॲडव्हान्समध्ये चार्जिंगची सोयच नव्हती. दोन पेन्सिल सेल घालायचे, संपले की नवे. आता आमच्यातले काही जण त्यात लिथियम बॅटरी, यूएसबी-सी सॉकेट आणि टीपी४०५६ चिपचा छोटा बोर्ड बसवतात. पणजीतल्या दुकानांत ‘टाकून दे, नवीन घे’ ऐकण्यापेक्षा हे शंभर पट बरं. पण बाबांनो, तो बोर्ड आणून तस्साच जोडू नका! बहुतेक बोर्ड १ अँपिअरने चार्ज करतात. बॅटरी ६०० मिलिअँपिअर-तासांचीच असेल, तर ती तापू शकते, फुगूही शकते. आणि हॉस्टेलच्या खोलीत आपण एकटे झोपत नाही. बोर्डवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून ३.९चा लावा, करंट सुमारे ३०० मिलिअँपिअरवर येतो. वेळ जास्त लागेल. लागू दे, समोर बसा, तोवर अभ्यास होईल.