सुधारलेली बेसिक आणि मागे राहिलेले

तालुक्याच्या गावातली पतसंस्था, आडतीचे दुकान, दवाखान्याचा काउंटर. अशा ठिकाणी व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला प्रोग्राम आजही मुकाट्याने पावत्या फाडत असतो. तो लिहिणारा पुष्कळदा तिथलाच हिशेबनीस किंवा संध्याकाळी क्लास घेणारा शिक्षक. पदवी भलत्याच विषयाची, पण काम कुठे अडते हे त्याला पक्के ठाऊक. आपल्या धंद्यात अशा प्रोग्रामला नाक मुरडायची पद्धत आहे. बेसिकचा इतिहास पाहिला तर ती आमच्या मते चुकीची ठरते.

१ मे १९६४ च्या पहाटे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांची बेसिक पहिल्यांदा चालली. दोघेही गणिताचे प्राध्यापक. साहित्य-इतिहासाच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हट्ट. पुढे ज्या लाइन नंबरांची इतकी टिंगल झाली, ते तेव्हा एडिटरचे काम करत. पडदा नव्हता, टेलिटाइपचा कागद होता. ३० नंबरची ओळ चुकली की ३० लिहून ती पुन्हा टाइप करायची, जुनी आपोआप जायची. नुसते ३० लिहून रिटर्न दाबले की ओळच रद्द. मध्ये काही घालायचे राहिले तर २५ नंबर मोकळाच असायचा. नवख्या माणसाला एडिटर म्हणून वेगळे काही शिकावेच लागत नसे.

१९७५ मध्ये ऑल्टेअर या घरगुती जुळणीच्या संगणकासाठी बिल गेट्स, पॉल ॲलन आणि माँटी डेव्हिडॉफ यांनी बेसिक ४ किलोबाइटमध्ये कोंबली. साहजिकच बरेच काही बाहेर राहिले. त्याच वर्षी डायक्स्ट्रा यांनी लिहिले की, बेसिक शिकलेल्या विद्यार्थ्याला चांगले प्रोग्रामिंग शिकवणे जवळपास अशक्य आहे. गोटूने गुंतलेला कोड ज्याने एकदा तरी सोडवला आहे, त्याला हा राग समजेल. पण भाषा तिथे थांबली नाही. १९८१ च्या बीबीसी मायक्रोवर सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या बेसिकमध्ये प्रोसीजर होते, लोकल व्हेरिएबल होते, वर आत असेम्ब्लरही होता. ‘क्लास’ प्रकल्पातून हेच यंत्र आपल्याकडच्या शाळांतही आले.

सुधारणा कशी करावी, याचा नमुना म्हणून आम्ही क्विकबेसिककडे बोट दाखवू. लाइन नंबर ऐच्छिक झाले, सब आणि सिलेक्ट केस आले, कंपायलर आला. तरीही जीडब्ल्यू-बेसिकमधला प्रोग्राम, सेव्ह करताना शेवटी स्वल्पविराम आणि ‘ए’ लावून साध्या मजकुरात उतरवला, की बहुधा किरकोळ डागडुजीवर चालायचा. जुने तसेच ठेवून एकेक सबरूटीन सवडीने नव्या पद्धतीने लिहिता येई. १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक आली, १९९८ मध्ये तिची सहावी आवृत्ती. फॉर्मवर बटण ठेवा, डबल क्लिक करा, कोड लिहा. हौशी माणसाला विंडोजचे दार उघडले ते इथे.

२००२ मध्ये डॉटनेट आले आणि साखळी तुटली. इंटिजर १६ बिटांचा ३२ बिटांचा झाला. व्हेरियंट गेला, गोसब गेला. पॅरामीटर आपोआप बायरेफ असायचे, ते बायव्हॅल झाले. चार दशांश स्थळे चोख सांभाळणारा करन्सी हा प्रकारही गेला, त्याच्या जागी डेसिमल आला. व्याजाचा हिशेब करन्सीवर उभा करणाऱ्यांना हे पान पुन्हा पहिल्यापासून लिहावे लागले. कोड थांबवून जागच्या जागी ओळ दुरुस्त करण्याची सोयसुद्धा पहिल्या आवृत्तीत नव्हती, ती २००५ मध्ये परत आली.

भाषेच्या दृष्टीने यातले बहुतेक बदल योग्यच होते, आणि तरी निर्णय चुकला असे आमचे मत आहे. ज्यांच्या पदरी प्रोग्रामरांची फौज होती, त्यांनी सारे नव्याने लिहून घेतले. हिशेबनिसाला रविवारखेरीज वेळ नव्हता. तो सहाव्या आवृत्तीवरच राहिला, आणि गंमत अशी की, त्याचा प्रोग्राम विंडोज ११ वरही चालतो. ज्या नव्या भाषेसाठी त्याला मागे सोडले, तिच्यात भाषा म्हणून यापुढे भर घालणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये जाहीर केले.

असे जुने प्रोग्राम नव्यावर नेण्याचे काम हाती घेणाऱ्यांनी आधी डेटाकडे पाहावे. व्हिज्युअल बेसिक ६ ची नेहमीची टेक्स्टबॉक्स-लेबले युनिकोड दाखवत नाहीत, म्हणून मराठी नावे श्रीलिपीसारख्या फॉन्टच्या आधारे भरलेली असतात. फॉन्ट काढला की खातेदाराच्या नावाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी उरते. कोणत्या टेबलात कोणता फॉन्ट होता, हे माहीत असणारा माणूस निवृत्त होण्याआधी नावांचे युनिकोडमध्ये रूपांतर उरकून घ्या. मग कोड. जुन्या प्रोजेक्टसाठी ट्विनबेसिक पाहण्यासारखी आहे, ती सहाव्या आवृत्तीशी सुसंगत राहण्याच्या बेतानेच उभी केली आहे. क्विकबेसिकच्या काळातला कोड असेल तर फ्रीबेसिकला ‘क्यूबी’ पद्धतीत चालवून पाहा. आणि सोर्सची प्रत घेताना एफआरएम सोबत एफआरएक्स फायलीही घ्या. फॉर्मवरची चित्रे आणि आयकॉन त्यांतच असतात.