जाहीर आवाहन : सुक्या मासळीला मीठ आणि ऊन, औषध नको

मच्छीमार नगरातील समस्त कोळी बंधू-भगिनींनो,

१ जूनपासून मासेमारी बंद. होड्या किनाऱ्याला लागतील, पावसाळ्याची बेगमी म्हणून सुके बोंबील आणि जवळा डब्यांत जाईल. पाठोपाठ माश्या, डास आणि झुरळे येतील. मग घरोघरी फवारे आणि गोळ्या निघतील. म्हणून आत्ताच सांगतो : किड्यांचे औषध माणसालाही विषच असते आणि ते हृदयापर्यंत पोहोचते.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मोनोक्रोटोफॉससारखी औषधे शरीरातील नसांचा कारभार बिघडवतात. हृदयाचे ठोके मंदावतात, चुकतात. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा वायू हृदयाच्या स्नायूवरच घाला घालतो आणि त्याला उतारा नाही. रोज थोडे थोडे विष अंगात जाणेही बरे नव्हे. हवाई बेटांवरील जपानी वंशाच्या पुरुषांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. कामावर कीटकनाशकांशी फार संबंध आलेल्यांना पाहणीच्या पहिल्या दहा वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका सुमारे ४५ टक्के जास्त दिसला.

आपल्याकडे दाटीची घरे. ज्या खोलीत फवारा, तिथेच चूल, अंथरूण आणि सुकटीचा डबा. तेव्हा एवढे करू या :

१. सुक्या मासळीवर औषध मारू नका. मासळी मिठाच्या पाण्यातून काढा, जमिनीपासून उंच सुकवा, वर बारीक जाळी टाका. कडकडीत वाळल्यावरच डब्यात भरा. उघडीप मिळाली की पुन्हा ऊन दाखवा. डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे; कुणी जुनी बाटली दिली तरी घेऊ नका.

२. होडीला बांधलेले टायर, पिंपे, ताडपत्रीच्या घड्या यांत साचलेले पाणी दर आठवड्याला ओतून टाका. डास तिथेच जन्मतात.

३. कॉइलच्या धुरापेक्षा मच्छरदाणी बरी.

४. पालिकेची धूरफवारणी आली की मुलांना धुरामागे पळू देऊ नका. अन्न-पाणी झाका. डासांची तक्रार १९१६ वर करा.

५. औषध कधीही शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका. धान्याच्या विषारी गोळ्या घरात नकोतच.

औषध पोटात गेले, किंवा फवारल्यावर घाम, लाळ, धाप, छातीत धडधड सुरू झाली, तर माणसाला मोकळ्या हवेत आणा. भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवा. स्वतःच्या हाताला औषध लागू देऊ नका. उलटी करवू नका. १०८ला फोन करा किंवा तडक सेंट जॉर्ज वा जी. टी. रुग्णालय गाठा. औषधाची बाटली सोबत न्या. डॉक्टरांना उपचार ठरवायला ती लागते.

गिऱ्हाईक आपल्या शब्दावर सुकट घरी नेते. तिच्यात मीठ आणि ऊन यांखेरीज काही नाही, हे आपल्याला छातीवर हात ठेवून सांगता आले पाहिजे.

आपलेच,
मच्छीमार नगरातील रहिवासी