भाड्याचे व्यक्तिमत्त्व

गेल्या हिवाळ्यात पुण्यातील एका शिकवणीवर्गाने प्रस्तुत लेखकास अभिरूप मुलाखतींच्या मंडळावर बसण्यासाठी बोलावले होते. साहित्याचा अध्यापक म्हणून काम एवढेच, की ज्या उमेदवारांनी अर्जात 'वाचन' हा छंद नोंदवला आहे, त्यांना त्याविषयी दोनचार प्रश्न विचारावेत. सकाळच्या सत्रात असे तिघे आले. तिघांचेही आवडते पुस्तक 'कोसला'. ती कादंबरी भालचंद्र नेमाड्यांची असून १९६३ साली प्रसिद्ध झाली, हे तिघांनी सांगितले. 'तरुण पिढीच्या परात्मतेचे चित्रण' हे शब्दही तिघांनी त्याच क्रमाने उच्चारले. पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूविषयी विचारले, तेव्हा तिघेही सारखेच गप्प झाले. पुस्तकाचा सारांश त्यांना मिळाला होता, आणि त्या सारांशात ती मुलगी मेलीच नव्हती.

चौथ्या उमेदवाराने छंद लिहिला होता 'ट्रेकिंग'. कोणते गड पाहिलेत, ह्या प्रश्नावर त्याने राजगड-तोरण्याची पाठ केलेली माहिती दिली. माणदेशातल्या मेंढपाळ कुटुंबातला तो मुलगा. दिवाळीनंतर वाडा घेऊन घाट उतरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत चढायचे, असे त्याचे निम्मे बालपण गेलेले. हे त्याच्या अर्जात नव्हते. वडिलांच्या व्यवसायाविषयी विचारल्यावर ते अवघडत बाहेर आले. मग मात्र तो बोलू लागला. खतासाठी शेतात मेंढ्या बसवण्याचा मोबदला धान्यात कसा ठरतो, रासायनिक खत आल्यावर तो कसा घटला, कोणत्या गावात पाणी मिळते आणि कोणत्या गावात पोलीसपाटलाला आधी भेटावे लागते. दहा मिनिटे मंडळ ऐकत राहिले. बाहेर पडताना त्याने हळूच विचारले, "सर, हे आयोगासमोर बोललं तर चालेल का? इथं नको म्हणालेत."

त्या 'नको'विरुद्ध हा लेख आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत, आणि तिचे अधिकृत नाव 'व्यक्तिमत्त्व चाचणी' असे आहे. राज्य आयोगाने २०२५ पासून स्वीकारलेल्या वर्णनात्मक पद्धतीतही हेच आकडे आहेत. ही उलटतपासणी नसून सहज, पण हेतुपूर्वक केलेले संभाषण असावे, ज्ञानाची परीक्षा लेखी उत्तरपत्रिकांत झालेलीच आहे, असे केंद्रीय आयोगाची अधिसूचना सांगते. म्हणजे जेथे माणूस कसा आहे हे पाहायचे, नेमके तेथेच आपण त्याला दुसराच माणूस होऊन जायला शिकवतो. आणि हे शिक्षण कोणाला? ज्याला उद्या पीकपंचनाम्यावर सही करायची आहे, त्याला. लोकसेवेतील पहिली कृती म्हणून आपण त्याच्याकडून एक खोटी नोंद करवून घेतो, आणि त्या खोट्याला 'छंद' म्हणतो.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. ज्यांच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र आणि जेवणाच्या टेबलावर वादविवाद असतात, त्यांची मुलाखतीची तयारी जन्मापासून चालू असते; खेड्यातल्या मुलाने ती तीन आठवड्यांत विकत घेतली तर तुमच्या पोटात का दुखते? आक्षेपाचा पूर्वार्ध मला संपूर्ण मान्य आहे. अनोळखी पाच माणसांसमोर न घाबरता बसणे, प्रश्न पुरता ऐकून घेणे, माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणणे, आपल्या जिल्ह्याची आकडेवारी नीट ठेवणे, ही तयारी अवश्य करावी. ती फुकट मिळावी, असेही मी म्हणेन. परंतु वर्गांत विकले जाते ते एवढेच नव्हे. तेथे सुखवस्तू घरातल्या मुलाची नक्कल विकली जाते. त्या नकलेत मूळ मुलगा नेहमीच सरस ठरणार, कारण तो स्वतःचेच आयुष्य सांगत असतो. मेंढपाळाच्या मुलाचे एकमेव असे भांडवल, जे दुसऱ्या कोणाजवळ नाही, ते मात्र लाज म्हणून दाराबाहेर ठेवायला सांगितले जाते. ही विषमता कमी करणे नव्हे; तिच्यावर शुल्क आकारणे आहे.

भाषेचेही तेच. मुलाखत मराठीतून देण्याची सोय आहे. पण 'पानी' म्हणणाऱ्या मुलीकडून महिनाभर 'पाणी' घोटून घेतले जाते, आणि 'शाश्वत विकासाच्या सर्वसमावेशक दृष्टिकोनातून' अशी वाक्ये तिच्या तोंडी बसवली जातात. अशुद्ध काय? तिचा 'न', की कोणत्याही विहिरीवर कधीही न बोलले गेलेले ते वाक्य?

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी: मंडळांनाच असे उमेदवार आवडतात. तसे असेल तर दोष वर्गांइतकाच मंडळांचा, आणि मग प्रश्न गुणांचा होतो. मुलाखतीच्या मनमानीला न्यायालयाने पूर्वीच लगाम घातला आहे. १९८१ च्या अजय हासिया खटल्यात महाविद्यालयीन प्रवेशासाठी तोंडी परीक्षेला एकतृतीयांश गुण ठेवणे सर्वोच्च न्यायालयाने अवाजवी ठरवले. १९८५ च्या अशोककुमार यादव खटल्यात हरियाणाच्या सेवाभरतीसाठी सर्वसाधारण उमेदवारांपुरती १२.२ टक्क्यांची मर्यादा सांगितली. आज २०२५ पैकी २७५ म्हणजे साडेतेरा टक्क्यांहून थोडे अधिकच. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. शिपाई निवडताना ज्या कसोटीवर विश्वास उरला नाही, ती जिल्हाधिकारी निवडताना निर्दोष कशी होते, हे कोणीतरी सांगावे.

मुलाखत रद्द करा, असे माझे म्हणणे नाही. उत्तरपत्रिकेत न दिसणारे काही माणसात असते, आणि ते पाहण्यासाठी समोरासमोर बसावेच लागते. त्या दहा मिनिटांत मी ते पाहिले आहे. पण ते दिसायचे तर मंडळाने तयार उत्तराला गुण देणे थांबवले पाहिजे, आणि शिकवणाऱ्यांनी मुलांना त्यांच्याच आयुष्याची लाज विकणे थांबवले पाहिजे.

त्या मुलाला मी "चालेल" म्हणालो. त्याने मान डोलावली; पण जाताना नजर टाकली ती वर्गाच्या संचालकांकडे. त्याचे शुल्क त्यांच्याकडे भरलेले होते, माझ्याकडे नव्हे.