घरी बसलेल्या मतदाराचा कौल

जून २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या सत्तावीस राष्ट्रांनी आपल्या सामाईक पार्लमेंटसाठी मतदान केले. मतदारांची संख्या पस्तीस कोटींहून अधिक. निवडून द्यावयाचे सभासद ७२०. भारताच्या लोकसभेची निवडणूक सोडली, तर लोकशाहीचा एवढा मोठा यज्ञ जगात दुसरा नाही. पण या यज्ञाकडे यजमानांपैकी जवळजवळ निम्मे फिरकलेच नाहीत! मतदान झाले अवघे ५०.७४ टक्के. १९९४ नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा, असे युरोपच्या धुरिणांना सांगता आले खरे. परंतु दोन मतदारांतला एक घरी बसतो आणि तरीही तीस वर्षांतला उच्चांक म्हणून त्या आकड्याचा गौरव होऊ शकतो, यातच हे दुखणे किती जुने आणि किती अंगवळणी पडलेले आहे ते दिसून येते.

या दुखण्याचा इतिहास उद्‌बोधक आहे. १९७९ साली या पार्लमेंटची पहिली थेट निवडणूक झाली, तेव्हा नऊ राष्ट्रांत मिळून ६२ टक्के मतदान झाले होते. त्यानंतर पस्तीस वर्षे हा आकडा प्रत्येक निवडणुकीत खालीच येत गेला. 'यंदा गोष्ट निराळी आहे' अशी घोषणा देत २०१४ ची निवडणूक लढविली गेली आणि मतदान ४२.६ टक्क्यांवर घसरले. स्लोव्हाकियात तर त्या वर्षी केवळ १३ टक्के मतदार केंद्रांवर गेले. पूर्व युरोपातील नव्या राष्ट्रांच्या प्रवेशामुळे सरासरी खाली आली, हे स्पष्टीकरण काही अंशी खरे आहे. पण ती राष्ट्रे आली २००४ साली, आणि त्यापूर्वीच, १९९९ मध्ये, आकडा पन्नासच्या खाली गेला होता. याहून विलक्षण गोष्ट ही, की याच काळात पार्लमेंटचे अधिकार सतत वाढत होते. १९९३ मध्ये अमलात आलेल्या मास्ट्रिक्ट कराराने आणि २००९ मधल्या लिस्बन कराराने तिला कायदे करण्यात मोठा वाटा दिला. पार्लमेंट दुबळी होती तेव्हा लोक मत देत होते. ती सबळ झाली तसे ते पाठ फिरवू लागले! या कोड्याचा उलगडा केल्याशिवाय मतदाराला दोष देणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे होईल.

मतदार आळशी झाला, सुखासीन झाला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना फ्रान्सच्या मतदाराने २०२४ साली सडेतोड उत्तर दिले आहे. ९ जूनच्या युरोपीय मतदानात फ्रान्समधील ५१.५ टक्के लोकांनी भाग घेतला. जॉर्दां बार्देला यांच्या नेतृत्वाखालील नॅशनल रॅलीच्या यादीला ३१ टक्क्यांहून अधिक मते पडली आणि अध्यक्ष माक्रों यांच्या गटाला त्यांच्या निम्मीही मिळाली नाहीत. त्याच रात्री माक्रों यांनी आपली राष्ट्रीय सभा बरखास्त केली. तीनच आठवड्यांनी, ३० जूनला, फ्रान्समध्ये पुन्हा मतदान झाले, ते ६६.७ टक्के! देश तोच, मतदार तेच. मग तीन आठवड्यांत त्यांच्या अंगी ही तडफ कोठून आली? उत्तर सरळ आहे. आता आपल्या मताने सरकार ठरणार, हे त्यांना दिसत होते. ७ जुलैच्या दुसऱ्या फेरीत इतर पक्षांनी ठिकठिकाणी आपले उमेदवार मागे घेऊन एकमेकांना वाट करून दिली, लोकही पुन्हा तितक्याच संख्येने बाहेर पडले, आणि सत्तेच्या उंबरठ्यावर आलेली नॅशनल रॅली जागांच्या हिशेबात तिसऱ्या क्रमांकावर गेली.

युरोपच्या मतदानात हीच खात्री मतदाराला मिळत नाही. लोकशाहीत सामान्य माणसाची मागणी फार मोठी नसते. राज्य कोण करतो ते कळावे आणि तो नालायक ठरला तर त्याला घालविता यावे, एवढेच त्याला हवे असते. युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या कमिशनचा अध्यक्ष प्रथम राष्ट्रप्रमुखांच्या परिषदेत ठरतो आणि मग पार्लमेंटपुढे मान्यतेसाठी येतो. निवडणुकीचा कौल लक्षात घेऊन ही निवड व्हावी, असे करार म्हणतो. पण २०१९ साली काय घडले? सर्वांत मोठ्या गटाने मान्फ्रेड वेबर यांना अध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून लोकांपुढे उभे केले होते. निकालानंतर राष्ट्रप्रमुखांनी त्यांना बाजूला सारले आणि प्रचारात जिचे नावही कोणी घेतले नव्हते, त्या उर्सुला फॉन डेर लायन यांना पुढे केले. त्या कर्तबगार असतील. प्रश्न तो नाही. वरात एकाची काढावयाची आणि बोहल्यावर दुसऱ्याला चढवावयाचे, असा प्रकार पाहिल्यावर पुढच्या लग्नाला वऱ्हाडी कोणत्या उत्साहाने जातील?

म्हणून युरोपचा मतदार दोनांपैकी एक मार्ग धरतो. एक तर तो घरी बसतो, नाही तर या मताची काठी करून ती आपल्या देशातील सरकारच्या पाठीत घालतो. रायफ आणि श्मिट या दोन अभ्यासकांनी १९८० सालीच या मतदानाला 'दुय्यम दर्जाची निवडणूक' म्हटले होते. परंतु दुय्यम निवडणुकीचे परिणाम दुय्यमच असतात, असे समजणाऱ्याने ब्रिटनकडे पाहावे.

२०१४ च्या युरोपीय निवडणुकीत ब्रिटनमधील मतदान ३६ टक्क्यांच्या आतच राहिले. त्यात संघातून बाहेर पडण्याचा पुकारा करणारा नायजेल फराज यांचा पक्ष २४ जागा मिळवून पहिला आला. मजूर आणि हुजूर या दोन्ही पक्षांना मागे टाकून देशव्यापी निवडणुकीत तिसऱ्याच पक्षाने पहिला क्रमांक घ्यावा, असे शतकभरात घडले नव्हते. पण हिशेब नीट मांडला तर काय दिसते? एकूण मतदारयादीतील शंभरांपैकी दहा जणांनीही या पक्षाला मत दिले नव्हते! ही त्सुनामी लाटेपेक्षा ओस पडलेल्या किनाऱ्यामुळेच मोठी दिसली. पंतप्रधान कॅमेरॉन यांनी २०१३ च्या जानेवारीत सार्वमताचे आश्वासन देऊन ठेवलेच होते. या निकालाने त्यांची माघारीची वाट बंद केली, असे म्हणावयास हरकत नाही. २३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले, तेव्हा ७२.२ टक्के मतदान झाले. पूर्व युरोपातून आलेल्या शेतमजुरांनी गजबजलेल्या लिंकनशर परगण्यातील बॉस्टनने पाऊणशे टक्क्यांहून अधिक मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. लंडनमधील लॅम्बेथने तितक्याच ठामपणे राहण्याचा दिला. एकूण निकाल ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने लागला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला.

या घटनेशी मराठी माणसाचाही संबंध आहे. ब्रिटनमध्ये वास्तव्य करणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना तेथील युरोपीय निवडणुकांत मत होते. १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ चालविणाऱ्या लंडनमधील मराठी मंडळींत जे भारताचे पारपत्र बाळगून होते, त्यांनाही ते होते. २०१६ च्या सार्वमतातही पुण्याहून गेलेला भारतीय मत देऊ शकत होता. वर्षानुवर्षे तेथे कष्ट करणारा पोलंडचा वा फ्रान्सचा नागरिक मात्र देऊ शकत नव्हता. ज्याच्या भवितव्याचा निवाडा व्हावयाचा त्याला मत नाही, आणि ज्यांना होते त्यांतल्या बहुतेकांनी २०१४ मध्ये ते वापरले नाही, असा हा दैवदुर्विलास!

यावर उपाय काय? मतदान सक्तीचे करा, असे काही जण म्हणतात. बेल्जियममध्ये सक्ती आहे आणि तेथे ८९ टक्के मतदान झाले. पण सक्ती ग्रीसमध्येही कागदावर आहे. तेथे २०२४ साली ४१ टक्केच लोक आले. शिक्षेच्या भयाने माणूस केंद्रापर्यंत आणता येईल, त्याच्या मनात विश्वास आणता येणार नाही. तो आणावयाचा, तर ज्यांना लोकांपुढे उमेदवार म्हणून उभे केले त्यांच्यातूनच अध्यक्ष निवडण्याचे बंधन राष्ट्रप्रमुखांनी स्वतःवर घालून घेतले पाहिजे. पुढील निवडणूक २०२९ साली आहे. तोवर एवढे केले, तरी हजार घोषणांनी होणार नाही ते काम होईल.

परंतु मतदारालाही आमचे सांगणे आहे. घरी बसणे हा निषेध आहे, अशी त्याची समजूत असेल, तर ती भ्रामक आहे. मतमोजणीच्या टेबलावर निषेधाने न दिलेले मत आणि झोपेत राहून गेलेले मत सारखेच शून्य असते. फ्रान्समध्ये जूनच्या गाफिलपणाची भरपाई जुलैत करावी लागली. ती पुरती झालीही नाही. कोणालाच बहुमत नसलेल्या सभेत २०२४ च्या डिसेंबरात बार्निए यांचे आणि २०२५ च्या सप्टेंबरात बायरू यांचे मंत्रिमंडळ कोसळले. आणि आपणही युरोपला हसण्याचे कारण नाही. २०२४ च्या लोकसभेला देशात सुमारे ६६ टक्के मतदान झाले असता दक्षिण मुंबईत ते ५० टक्क्यांच्या आसपासच रेंगाळले. येथे तर मताने सरकार ठरते की नाही, ही शंकाही नव्हती!

शांत, समाधानी आणि समंजस माणूस घरी राहतो. चिडलेला माणूस हमखास बाहेर पडतो. म्हणून ओस पडलेल्या मतदान केंद्रातून निघालेला निकाल हा लोकमताचा आरसा नसून लोकांतल्या संतापाचा आरसा असतो. त्या निकालाने ठरलेले राज्य मात्र संतापलेल्याला आणि समंजसाला, आलेल्याला आणि न आलेल्याला, सारखेच भोगावे लागते.