हिरवळीचे पाणी आणि घड्याळाचा हुकूम

घरापुढे लहानशी हिरवळ असावी, ही इच्छा मुळीच निंद्य नव्हे. दिवसभर तापलेल्या अंगणात सायंकाळी गवतावर अनवाणी पावलांनी फिरण्याचे सुख ज्याने घेतले आहे, त्याला ते पटवून देण्याचे कारण नाही. परंतु हीच हिरवळ जेव्हा जयपूरसारख्या शहरात वाढवावयाची असते, तेव्हा ती केवळ सौंदर्याची बाब राहत नाही, हिशेबाची होते. तेथे वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत.

उदाहरणादाखल जयपूरचे शास्त्री नगर घेऊ. नाहरगडच्या डोंगराजवळील ही वस्ती. विज्ञान उद्यानही येथेच आहे. येथील एखाद्या घरापुढे ५० चौरस मीटर हिरवळ आहे असे समजा. मे महिन्यात पारा ४० अंशांवर चढतो व कोरडा वारा सुटतो. अशा वेळी माती व पाने मिळून दिवसाला साधारणपणे ५ मिलिमीटर पाणी हवेत सोडतात. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. तेव्हा या हिरवळीची रोजची तहान २५० लिटर झाली. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी आपल्याकडे दरडोई १३५ लिटर पाणीपुरवठ्याचे प्रमाण मानतात. म्हणजे त्या घरात जवळजवळ दोन माणसे अधिक राहतात, असेच म्हणावे लागेल.

आणि हे पाणी येते कोठून? एके काळी जयपूरची तहान रामगडचा तलाव भागवीत असे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकास्पर्धा त्याच तलावावर झाल्या. पुढे तो आटला. २००९ पासून बनास नदीवरील बिसलपूर धरणाचे पाणी शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावरून शहरात आणले जाते. एवढा प्रवास करून आलेले पाणी फरसबंदीवर सांडून वाहू लागले, तर त्याला निष्काळजीपणापेक्षा कठोर शब्द वापरावा असे मला वाटते.

स्वयंचलित तुषारसिंचनाचे यंत्र या सांडण्यावरचा उपाय म्हणून विकले जाते. त्याची रचना सोपी आहे. जमिनीखाली नळ्या, त्यांच्या टोकांना तुषार उडविणारी तोंडे, मध्ये विजेने उघडमीट होणाऱ्या झडपा आणि त्या सर्वांवर हुकमत गाजविणारे एक घड्याळ. धक्क्याधक्क्याने फिरणारे तुषारयंत्र कॅलिफोर्नियातील ग्लेंडोरा येथील ऑर्टन एंगलहार्ट या फळबागायतदाराने १९३३ मध्ये तयार केले. शेतीत त्याचा उपयोग मोठा झाला. घरगुती हिरवळीत मात्र यंत्राचा अनुभव निराळा आहे. उत्तर अमेरिकेतील घरगुती पाणीवापराची एक मोठी पाहणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत स्वयंचलित घड्याळ बसविलेली घरे घराबाहेर, तसे घड्याळ नसलेल्या घरांपेक्षा सुमारे ४७ टक्के अधिक पाणी वापरताना आढळली. हाती नळी धरून पाणी घालणाऱ्यांचा वापर उलट कमी होता. यात नवल नाही. नळी धरणाऱ्याचा हात दुखतो. घड्याळाला हात नसतो. श्रावणात धो धो पाऊस कोसळत असतानाही ते पहाटे पाच वाजता इमानेइतबारे झडप उघडते.

म्हणून माझे मत असे की, यंत्र घेणाऱ्याने प्रथम घड्याळाची नव्हे, डब्यांची तयारी करावी. एकाच आकाराचे, सरळ कडांचे दहाबारा रिकामे डबे हिरवळीवर सारख्या अंतराने मांडावेत, यंत्र पंधरा मिनिटे चालवावे आणि प्रत्येक डब्यातील पाणी मोजपट्टीने मोजावे. शाळेतील मुलांनाही हा प्रयोग सहज करता येईल. सरासरी १० मिलिमीटर भरली, पण सर्वांत कोरड्या चौथ्या हिश्शाच्या डब्यांत पाचच निघाले, तर काय होते? तो कोपरा पिवळा पडतो, मालक वेळ दुप्पट करतो, आणि उरलेली हिरवळ गरजेच्या दुप्पट पाणी पिते. दोष वेळेचा नसून तोंडांच्या मांडणीचा असतो: एका तोंडाचा तुषार शेजारच्या तोंडापर्यंत पोहोचला पाहिजे. दाबही बेताचा हवा. तो फार वाढला की थेंबांचे धुके होते, आणि जयपूरच्या वाऱ्यात धुके शेजाऱ्याच्या गच्चीवर जाते.

दुसरी गोष्ट मातीच्या शोषणशक्तीची. स्थिर तोंडे तासाला ४० मिलिमीटरच्या आसपास पाणी ओततात. तुडवलेल्या जमिनीत ते तितक्या वेगाने मुरत नाही. तीन दिवसांचे १५ मिलिमीटर एकदाच द्यावयाचे, तर सुमारे २२ मिनिटे लागतील; ती सात-आठ मिनिटांच्या तीन पाळ्यांत, मध्ये तासाभराचा अवकाश ठेवून, सूर्योदयापूर्वी द्यावीत. रोज थोडेथोडे शिंपडण्याची आपली जुनी सवय मुळांना वरच्या दोन बोटांत अडकवून ठेवते. दोन दिवसांच्या अंतराने दिलेले खोल पाणी त्यांना खाली नेते. पावसाची चाहूल घेऊन झडप बंद ठेवणारे उपकरण तर मी यंत्राचे अवयवच मानतो, चैनीची जोड नव्हे.

गवताची निवडही विसरता येत नाही. आपण गणपतीला वाहतो ती दूर्वा, म्हणजेच हरळी, उष्ण हवेत थोड्या पाण्यावर तग धरते. पाणी तोडले तर ती तपकिरी होऊन निद्रिस्त राहते आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा फुटते. उन्हाळ्याचे काही आठवडे तपकिरी अंगण पाहण्याची मनाची तयारी असेल, तर यंत्राची गरजच पुष्कळशी उणावते. स्नानगृहाचे सांडपाणी वापरावे, असेही कोणी सुचवील. विचार चांगला आहे, पण ते तुषारांनी उडवू नये. त्यातील रोगजंतू श्वासावाटे शरीरात जाऊ शकतात. ते मातीखालील ठिबक नळ्यांतूनच द्यावे.

जयगड किल्ल्यावर डोंगरउतारांचे पावसाचे पाणी पाटांनी वळवून टाक्यांत साठवीत असत. त्या टाक्यांत पाणी किती उरले हे डोळ्यांना दिसत होते. आजच्या नळीला तळ दिसत नाही. म्हणून हिरवळीच्या जोडणीवर स्वतंत्र पाणीमापक बसवावा आणि दर रविवारी त्याचा आकडा घरातील मुलाने वहीत लिहावा. ५० चौरस मीटरला मे महिन्यात आठवड्याचे १,७५० लिटर पुरतात. वहीत ३,००० दिसले, तर डबे पुन्हा बाहेर काढावेत.